एक फोन, एक वर्ग आणि दोन मिनिटांची गोष्ट : शाळेत, वाचनालयात डिजिटल स्टोरीटेलिंग कसं करायचं

डिजिटल स्टोरीटेलिंग, म्हणजे आपली गोष्ट आपल्याच आवाजात सांगून चित्रांवर बसवलेला छोटा व्हिडिओ, म्हटलं की बऱ्याच शिक्षकांना वाटतं आता व्हिडिओ एडिटिंग शिकावं लागणार, शाळेला लॅपटॉप पाहिजे, प्रोजेक्टर पाहिजे, नेट पाहिजे, आणि मग ते दरवर्षी राहूनच जातं. खरं तर यात लागतं काय, तर मुलाचा आवाज, दहा-बारा चित्रं आणि दोन मिनिटं. एक बरा अँड्रॉइड फोन असला तरी वर्ष निघतं. बाकी सगळी सजावट आहे आणि माझं मत विचाराल तर सजावट जितकी कमी तितकी गोष्ट चांगली होते.

हा प्रकार मुळात अमेरिकेतला. डेना ॲचली म्हणून एक कलाकार होता, तो स्टेजवर आपल्याच घरच्या जुन्या फिल्म दाखवत गोष्टी सांगायचा, त्याच्यासोबत जो लॅम्बर्ट आणि नीना मलेन यांनी १९९४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत साध्यासुध्या माणसांना हे शिकवायला केंद्र काढलं, ते पुढे बर्कलीला गेलं आणि आता स्टोरीसेंटर नावाने चालतं. नंतर २००१ पासून बीबीसीने वेल्समध्ये ठिकठिकाणी कार्यशाळा घेऊन हेच केलं, आणि तिथे डॅनियल मेडोज या फोटोग्राफरने जो साचा बसवला तो आपल्याला फार कामाचा आहे : साधारण २५० शब्द, डझनभर फोटो, दोन मिनिटं. आपण मराठीत २०० च शब्द धरायचे, कारण आपले शब्द लांब, प्रत्यय चिकटलेले, आणि पाचवीतलं मूल सावकाश बोलतं. वहीचं एक पान भरून दुसऱ्यावर चार ओळी गेल्या की थांबवायचं.

तसं बघायला गेलं तर स्थिर चित्र आणि जिवंत आवाज हे आपल्याकडे नवीन नाहीच. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी सुट्या चित्रांची पोथी घेऊन एकेक चित्र समोर धरत गाऊन रामायण-महाभारतातल्या कथा सांगत आलेत, तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. हे मुद्दाम सांगतोय कारण पहिला तास असाच घ्यायचा, फोन कपाटात ठेवून. पाठकोऱ्या कागदांवर मुलांना सहा चित्रं काढायला लावा, एकाने चित्रं धरायची, दुसऱ्याने बोलायचं. चित्र कधी बदलायचं, कुठे गप्प बसायचं, चित्रात दिसतंय तेच परत तोंडाने सांगायचं नाही, हे सगळं त्या एका तासात मुलांना कळून जातं आणि पुढे ॲपमध्ये तेच करायचं असतं. ज्या शाळेत फोनच वापरू देत नाहीत त्यांनी इथेच थांबलं तरी काही बिघडत नाही, हीपण पूर्ण गोष्टच आहे.

आता विषय. "माझी शाळा", "पाण्याचे महत्त्व", "स्वच्छ भारत" असले विषय दिलेत की निबंधच येणार, तोही गाइडमधला. विषय छोटा पाहिजे आणि मुलाच्या हाताला लागणारा पाहिजे. घरातली एक वस्तू हा सगळ्यात खात्रीचा विषय : जातं, आजोबांची सायकल, आईची शिलाई मशीन, ट्रंक, पत्र्याचा डबा ज्यात रेशनकार्ड ठेवतात. "माझं नाव कोणी ठेवलं" हाही चांगला चालतो, प्रत्येकाकडे काहीतरी निघतंच. अंगावरची एखादी खूण कशी झाली, यावर तर वर्गातलं सगळ्यात गप्प पोरगंही बोलतं. शहरातल्या शाळेत वस्तू नाही चालली तर "आमच्या बिल्डिंगचा जिना" किंवा "शाळेत येतानाचा रस्ता" द्या.

एक सांभाळायचं. काही मुलांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, कोणाच्या घरात दारू असते, कोणाचे वडील नसतात, आणि गोष्ट सांगताना हे येणार. आलं तर ऐकायचं, पण ते रेकॉर्ड करायचं की नाही हे मुलाने ठरवायचं आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचं, कारण भरात हो म्हटलेलं मूल घरी जाऊन घाबरतं. मुलाच्या गरिबीवर दुःखी बासरी लावून व्हिडिओ काढणं हा प्रकार मला तरी अजिबात पटत नाही, मग त्याला कितीही लाइक येवोत.

विषय ठरला की लगेच लिहायला बसवू नका. आधी गोलात बसून तोंडी सांगायचं, आठ-दहा मुलांचा गोल, बाकीची तेवढा वेळ चित्रं काढतात. एकाने सांगायचं, मग बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला कोणी द्यायचा नाही. "मग ती सायकल कुठंय आता?" हा एक प्रश्न शिक्षकाच्या दहा सूचनांपेक्षा जास्त काम करतो, कारण त्याचं उत्तर हीच बऱ्याचदा खरी गोष्ट असते आणि मुलाने ती सांगितलेलीच नसते. सांगून झालं की लगेच कागदावर उतरवायचं. ज्यांचं लिहिणं कच्चं आहे त्यांना जीबोर्डचं (फोनमधला गूगलचा कीबोर्ड) मराठी व्हॉइस टायपिंग द्या (नेट असेल तिथे), मूल बोलतं, अक्षरं उमटतात, मग ती वाचून चुका काढायच्या, वाचनाचा सराव फुकटात होतो. नाहीतर मोठ्या वर्गातला मुलगा लेखनिक म्हणून बसवा.

भाषेबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे आपणच शिक्षक लोक घोळ घालतो. मूल अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत, पावरीत, कातकरीत सांगत असेल तर गोष्ट तशीच राहू द्या. "गेलं व्हतं" चं "गेले होते" केलं की आवाज लगेच पाठांतराचा होतो, ऐकणाऱ्यालाही कळतं की मास्तरांनी लिहून दिलंय. प्रमाण मराठी खाली सबटायटलमध्ये द्या. त्यात व्याकरणाचा धडा आपोआप होतो : आपण बोललो काय, लिहायचं कसं, दोन्ही समोर असतं. सबटायटलचं काम बोलणाऱ्याच्या शेजारी बसणाऱ्याला द्यायचं, स्वतःचं स्वतः करताना मुलं शब्द गाळतात.

पहिलं वाक्य तेवढं तपासा. दहापैकी आठ मुलं "माझे नाव अमुक, मी इयत्ता सहावीत शिकतो, आज मी तुम्हाला" अशी सुरुवात करतात. ते काढून टाका आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून ऐकून बघा, बहुतेक वेळा गोष्ट तिथूनच सुरू होत असते. शेवटची तात्पर्याची ओळपण काढायची. "यावरून आपल्याला असा बोध मिळतो" असं मुलांना इतकं अंगवळणी पडलंय की काढलं तर त्यांना गोष्ट अर्धवट वाटते, थोडी कुरकुर होते, होऊ द्या.

आता आवाज. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा, कारण चित्र थोडं धूसर असलं तर चालून जातं, आवाज नीट नसेल तर माणूस पंधरा सेकंदांत बंद करतो. वर्गखोली ही रेकॉर्डिंगला सगळ्यात वाईट जागा आहे, गुळगुळीत भिंती, फरशी, वर पत्रा, सगळा आवाज घुमतो. वाचनालयाची खोली असेल तर तिथे जा, पुस्तकांची कपाटं घुमणारा आवाज बऱ्यापैकी खातात. तेही नसेल तर दोन बाकांवर गोधड्या टाकून त्याच्या आत मुलाला बसवायचं, मुलांना हे फार आवडतं, आणि आवाज खरंच सुधारतो. पंखा बंद. फोन एरोप्लेन मोडवर, नाहीतर बरोबर चांगल्या वाक्यात सरपंचांचा फोन येतो. फोनचा माइक बहुतेक खालच्या बाजूला असतो, तिथे बोट येऊ द्यायचं नाही, आणि फोन तोंडापासून वीतभर लांब, जरा बाजूला धरायचा, अगदी समोर धरला तर प आणि फ चा फटका बसतो.

एका दमात पूर्ण गोष्ट रेकॉर्ड करायला लावू नका. एक परिच्छेद, थांबा, पाणी प्या, पुढचा. प्रत्येक तुकडा वेगळी फाइल, चुकलं तर तेवढाच परत. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर तीन-चार सेकंद गप्प बसायचं, जोडताना ती शांतता लागते. मुलं कागद बघून वाचायला लागली की सूर बदलतो, एकसुरी होतं, तर कागद काढून घ्या आणि त्यांच्या मित्राला समोर बसवा, "याला सांग" म्हणा. दोन शब्द इकडचे तिकडे झाले तर काही होत नाही. आणि गावातले आवाज वेगळे रेकॉर्ड करून ठेवा : पिठाची गिरणी, एसटी वळताना, विहिरीवरचा पंप, शाळेची घंटा, मंदिरातली आरती. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमाची गाणी लावण्यापेक्षा हे दहा पट चांगलं आणि यावर कोणाचा कॉपीराइटही नाही. म्युझिक पाहिजेच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट मिळतं, पण बोलताना ते अगदी बारीक ठेवायचं, मला तर नसलेलंच बरं वाटतं.

चित्रांना मुलांनी काढलेलीच चित्रं पहिली पसंती. कागद आडवा धरून काढायचं, हे आधीच सांगा, नाहीतर निम्मी चित्रं उभी येतात आणि स्क्रीनवर दोन्हीकडे काळे पट्टे. फोटो व्हरांड्यात दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, आपली सावली पडू न देता. घरचे जुने फोटो काचेच्या फ्रेममध्ये असतात, ते थोडं तिरकं धरून काढले की चकाकी जाते. गूगलवर शोधून फोटो उचलायची सवय मुलांना लागू देऊ नका, विकिमीडिया कॉमन्स या मोफत वापरता येणाऱ्या फोटोंच्या साइटवरून घ्या आणि शेवटी फोटोग्राफरचं नाव द्या. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही साइट २०१५ पासून आहे, त्यावर मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चित्रंही आहेत, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे लेखक-चित्रकाराचं नाव दिलं की वापरता येतात, बदलता येतात, तिथल्या तिथे स्वतःचं पुस्तकही बनवता येतं. ज्यांना व्हिडिओची कटकट नको त्यांनी तोच रस्ता धरावा.

एआयने चित्रं करून घ्यावीत का, हल्ली हे विचारतातच. मी नाही करत. आजीची चूल म्हटलं की ते कुठल्यातरी भलत्याच देशातलं स्वयंपाकघर काढून देतं आणि मुलाला वाटतं आपण काढलेली चूल कमी दर्जाची.

जोडणीचं काम सगळ्यात सोपं, म्हणून थोडक्यात. काइनमास्टर, इनशॉट असं काहीही चालेल, फुकटच्या व्हर्जनमध्ये वॉटरमार्क येतो, येऊ दे. शाळेत कॉम्प्युटर असेल तर पॉवरपॉइंटमध्येच प्रत्येक स्लाइडवर एक चित्र आणि त्याचा आवाज टाकून शेवटी व्हिडिओ म्हणून सेव्ह करता येतं, त्याला वेगळं ॲप लागतही नाही. आवाजातली खरखर काढायला ऑडासिटी, फुकट आहे. क्रम मात्र हा पाळा : आधी पूर्ण आवाज टाइमलाइनवर (ॲपमध्ये खाली दिसणारी आडवी पट्टी) टाकायचा, मग त्याच्यावर चित्रं बसवायची. उलटं केलंत तर आवाज कापत बसावं लागतं. एका चित्राला आठ-दहा सेकंद. चित्र बदलताना फिरत येणारी, फुटणारी, चमकणारी ट्रान्झिशन मुलांना पहिल्या दिवशी सगळी वापरायची असतात, एक दिवस वापरू द्या, मग बंद. ७२० पिक्सेलमध्ये सेव्ह केलं तरी शाळेच्या टीव्हीवर स्वच्छ दिसतं आणि फोनही भरत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवलं की क्वालिटी बसते.

चाळीस मुलं आणि एक फोन असेल तर पहिल्यांदा सगळ्या वर्गाची मिळून एकच गोष्ट करा. मग चौघांचे गट, आणि गटात कामं फिरती ठेवा, कारण तुम्ही लक्ष नाही दिलं तर फोन कायम मुलांच्या हातात आणि चित्रं कायम मुलींच्या हातात राहतात, हे हमखास होतं. बदलापूर असो नाहीतर बुलढाणा, सारखंच.

परवानगीचं कंटाळवाणं असलं तरी टाळू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूल धरलेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते हे तत्त्व आहे, तेव्हा साध्या मराठीत एक पानी संमतीपत्र करा : काय रेकॉर्ड करणार, कुठे दाखवणार, कधीही काढून टाकायला सांगता येईल. वर्गात दाखवणं आणि नेटवर टाकणं यांना दोन वेगळ्या सह्या घ्या. बरेच पालक पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. या प्रकाराची गंमत अशी की मुलाचा चेहरा दाखवायची गरजच नसते, आवाज आणि चित्रं असतात. नावही पहिलंच पुरे, गाव-शाळा-आडनाव सगळं एकत्र नको. यूट्यूबवर टाकायचंच तर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसेल असं) ठेवा आणि मुलांसाठी बनवलेलं हा पर्याय निवडा, त्याने कमेंट बंद होतात.

वाचनालयवाल्यांनो, आता तुमच्याकडे वळतो. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली अ, ब, क, ड वर्गाची शासनमान्य ग्रंथालयं खेडोपाडी आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सकाळी पेपर वाचायला येणारे चार आजोबा सोडले तर दिवसभर कोणी नसतं. ते चार आजोबा हाच तुमचा खजिना. मुलांना त्यांच्यासमोर बसवा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं होतं, तेव्हा खायला मिळणारी सुकडी कशी लागायची, गावात लाइट कधी आली, पहिला टीव्ही कोणाच्या घरी होता. लातूर-धाराशिवकडे असाल तर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची पहाट, पाटण-कोयनेकडे ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, पुण्यात १२ जुलै १९६१ ला फुटलेलं पानशेत धरण, आठवणारे लोक अजून आहेत, फार दिवस नसतील. मुलाने आधी तीन प्रश्न लिहून आणायचे, आणि आजोबा विषय सोडून भरकटले तर थांबवायचं नाही, चांगला भाग बऱ्याचदा तिकडेच असतो. तासभराच्या बोलण्यातून दोन मिनिटं निवडायची, ती मुलाने निवडायची, पण मूळ पूर्ण रेकॉर्डिंग पुसायचं नाही.

बायका वाचनालयात येत नाहीत, मग आपण त्यांच्याकडे जायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या लाखाच्या वर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच आता पारी म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या साइटवर आवाज, शब्द, फोटो सगळ्यासकट ऐकता येतात. मुलांना त्यातल्या दोन-तीन ऐकवा आणि मग घरी पाठवा, "आजीला विचार, तुला येतात का". अमेरिकेत-इंग्लंडमध्ये शनिवार-रविवारी मराठी शाळा चालवणारे आहेत त्यांनाही हे जमेल, आजीला व्हिडिओ कॉल करण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट मागवा, आवाज जास्त स्वच्छ येतो आणि वेळेचंही गणित जुळवावं लागत नाही.

पुस्तकांशी जोडायचं असेल तर मिनिटभराची पुस्तक-ओळख करून घ्या : कोणत्या पानावर मी थांबलो आणि का, एवढंच, सारांश नको. त्याचा क्यूआर कोड छापून पुस्तकाच्या आतल्या कव्हरला चिकटवा, सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणल्यापासून मुलांना ते स्कॅन करायला शिकवावंही लागत नाही. पूर्ण पुस्तक मोठ्याने वाचून नेटवर मात्र टाकू नका, लेखक-प्रकाशकाचा हक्क असतो. बालभारतीच्या "किशोर" चे १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, पण फुकट वाचायला मिळणं म्हणजे त्याचं काहीही करायला मिळणं नाही, हा फरक मुलांना याच वयात सांगून टाका.

दाखवायला १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन नाहीतर २७ फेब्रुवारी बरा पडतो, दप्तराविना शनिवार असतो तिथे तो सगळ्यात उत्तम. एका बैठकीत पाच-सहाच गोष्टी. पाहुण्यांची भाषणं शेवटी ठेवा, आधी ठेवलीत तर मुलांच्या गोष्टींची वेळ येईपर्यंत आया उठून स्वयंपाकाला गेलेल्या असतात. मार्क द्यायचेच तर आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आणि प्रकल्प यात बसतं, फक्त इफेक्टला मार्क नकोत, नाहीतर ज्याच्या घरी मोठ्या भावाचा भारी फोन तोच पहिला येतो.

आणि जपून ठेवायचं काम, जे शाळेत कधीच होत नाही, कारण सगळं सरांच्या फोनमध्ये असतं आणि सरांची बदली होते. इथे ग्रंथपालाने पुढे यायचं. पुस्तकांचं दाखल रजिस्टर असतं तसंच गोष्टींचं एक रजिस्टर घाला : नंबर, गोष्टीचं नाव, कोणी सांगितली, कोणी रेकॉर्ड केली, तारीख, गाव, कोणत्या बोलीत, किती मिनिटं, संमती फक्त वर्गापुरती की नेटवरही, आणि मूळ रेकॉर्डिंग कुठे आहे. फाइलचं नाव तोच नंबर. "फायनल नवीन खरं फायनल" असल्या नावांच्या फाइली दोन वर्षांनी कोणालाच उघडाव्याशा वाटत नाहीत. एक कॉपी शाळेच्या कॉम्प्युटरवर, एक वाचनालयातल्या हार्ड डिस्कवर, तिसरी गूगल ड्राइव्हवर जमली तर. पेनड्राइव्हवर एकटं काही ठेवू नका, ते हरवतात, आणि जूनमध्ये शाळा उघडली की एकदा सगळ्या फाइली चालतायत का ते सातवीच्या पोरांना बघायला बसवा, एका दुपारचं काम आहे.